वावरातले चाकांवरचे घर : जुन्या कॅम्पर ट्रेलरची खरेदी आणि दुरुस्ती

आमचे वावर समुद्रपूर तालुक्यात, गावापासून बरेच दूर, नाल्याच्या पलीकडे आहे आणि त्याचा पूर्वेकडचा धुरा, म्हणजे बांध, थेट झुडपी जंगलाला लागतो. तुरीला शेंग धरू लागली आणि हरभरा वितभर वर आला की रानडुकरांचे कळप आणि रोही (नीलगाई) रात्रीतून उतरतात, त्यामुळे कार्तिकापासून माघापर्यंत घरातल्या कोणाला तरी जागलीला जावेच लागते. इतकी वर्षे ही जागल लाकडी मचाणावर झाली. वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर त्यांना शिडी चढणे जमेना, आणि त्यांना घरी थांबवणे आम्हाला जमेना. टिनाची खोली बांधावी असे एकदा ठरले होते, परंतु आमची शेती तीन तुकड्यांत विभागलेली आहे आणि पीक पालटले की राखणीची जागाही पालटते. त्याशिवाय लोणारचे सरोवर, मेळघाट, वैनगंगेकाठचे मार्कंडा ही आपल्याच विदर्भातली ठिकाणे घाई न करता, मुक्काम करत पाहावीत, ही पत्नीची आणि माझी फार दिवसांची इच्छा होती. राखण आणि प्रवास या दोन्ही गरजा एकाच वस्तूने भागतील, या विचाराने आम्ही जुना कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर, विकत घेतला.

मोटार कॅराव्हॅन न घेता ट्रेलर का घेतला, हे आधी सांगतो. मोटार कॅराव्हॅनमध्ये इंजिन आणि घर एकाच चेसिसवर असते. ती वावरात उभी केली की गाडीही तिथेच अडकून पडते आणि दवाखान्यात किंवा बाजारात जायचे झाले तर घरच गुंडाळून न्यावे लागते. ट्रेलर धुऱ्याजवळ लावला, कपलर, म्हणजे गाडीला जोडणारा सांधा, सोडला, की आमची बोलेरो मोकळी होते. ट्रेलरला इंजिन नसल्यामुळे वर्षातले काही महिने तो उभा राहिला तरी त्याची फारशी देखभाल करावी लागत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सोय मला सर्वांत महत्त्वाची वाटली.

विदर्भात असे ट्रेलर फारसे विक्रीला येत नाहीत. बऱ्याच शोधानंतर नागपूरजवळच्या एका गृहस्थांकडे एक मिळाला. एका चाकजोडीचा, बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद, चौकोनी लोखंडी पाइपच्या सांगाड्यावर बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आतून प्लायवूड, अशी त्याची बांधणी होती. त्यांनी तो हौसेने घेतला होता, परंतु वापर थोडा झाला आणि नंतर तो त्यांच्या मोकळ्या प्लॉटवर दोन पावसाळे उघड्यावर उभा राहिला. आत गेल्यावर मखमली गाद्या, रंगीत दिवे, छोटे बेसिन, आरसा असे सर्व काही नीट दिसत होते. त्या आतल्या सजावटीकडे पाहून किंमत ठरवू नये, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. गादी, पडदा, दिवा या वस्तू केव्हाही बदलता येतात. जुन्या ट्रेलरचे खरे मोल त्याच्या चेसिसमध्ये, चाकजोडीत, छताच्या सांध्यांत आणि कागदपत्रांत असते, आणि यांपैकी एकही गोष्ट दारातून आत डोकावून कळत नाही.

पाहणीसाठी मी वडिलांना आणि आमच्या भागात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींना सोबत नेले होते. मोटारीच्या मेकॅनिकपेक्षा ट्रॉलीचा मिस्त्री या कामाला अधिक योग्य, असे माझे ठाम मत आहे, कारण हब, बेरिंग, पाट्याची कमान (लीफ स्प्रिंग), यू-बोल्ट आणि ओढदांडा हे त्याचे रोजचे काम असते आणि कॅम्परचा खालचा भाग म्हणजे शेवटी एक हलकी ट्रॉलीच असते. आम्ही बरोबर नेलेली साधने साधीच होती : जॅक, टॉर्च, छोटी हातोडी आणि पोती शिवायचे दाभण.

मिस्त्रींनी आधी चेसिसखाली पडून प्रत्येक जोड हातोडीने वाजवून पाहिला. जिथे लोखंड आतून खाल्ले गेले असेल तिथे आवाज बसका येतो आणि गंजाचे पापुद्रे खाली पडतात. मागच्या आडव्या पाइपला एका ठिकाणी तसे झाले होते, बाकीचा सांगाडा शाबूत होता. नंतर एकेक चाक उचलून हाताने फिरवले. चाक सहज फिरत होते म्हणून मी समाधान व्यक्त केले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, “भाऊ, चाक फिरून राह्यलं म्हणून बेरिंग चांगलं हाय असं नसते. कान लावून आयका.” पाट्यावर हात ठेवून चाक फिरवले तेव्हा डाव्या बाजूला खरखर स्पष्ट जाणवली. चाक वरून आणि खालून धरून हलवले असता त्यात ढिलाईही होती. टायरची नक्षी अजिबात झिजलेली नव्हती, पण टायरच्या बगलेवर लंबगोलात छापलेले शेवटचे चार आकडे पाहिले तर ते २३१५ होते, म्हणजे तो टायर २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला होता. उभ्या ट्रेलरचा टायर झिजत नाही, पण उन्हाने त्याचे रबर कडक होऊन त्याला बारीक चिरा पडतात. आपल्याकडच्या उन्हात तर हे फार लवकर होते. अशा टायरवर भर रस्त्यात भरवसा ठेवणे धोक्याचे आहे.

भिंती आणि जमीन तपासण्यासाठी विक्रेत्यांची परवानगी घेऊन मी दाभणाचा उपयोग केला. चांगल्या प्लायवूडमध्ये दाभण शिरत नाही, टोचल्याची खूण तेवढी उमटते. दाराच्या उंबऱ्याजवळ आणि मागच्या खिडकीखाली मात्र ते लोण्यात जावे तसे आत गेले. पाणी छतातून शिरून भिंतीच्या आतून उतरले होते आणि खाली साचून लाकूड कुजले होते. वडिलांनी एवढेच म्हटले, “आधी पाणी कोठून येते ते पाय, मंग रंग लाव.” पुढची सगळी दुरुस्ती आम्ही याच क्रमाने केली. विक्रेते सज्जन होते, जे दिसले ते त्यांनी नाकारले नाही, आणि दोन लाख चाळीस हजारांवरून बोलणे पावणेदोन लाखांवर येऊन थांबले.

पैसे देण्यापूर्वी कागदपत्रे नीट पाहिली. ट्रेलरला इंजिन नसल्यामुळे त्याला नोंदणी लागत नाही असा समज आमच्याकडे सर्रास आढळतो, आणि तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्यामुळे नोंदणीपत्र नसलेला ट्रेलर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. इंजिन नसल्याने ओळख पटवायला चेसिस क्रमांक हा एकच आधार असतो. तो ओढदांड्यावर गंजाखाली दबलेला होता, म्हणून तो घासून स्वच्छ केला, त्यावर कागद धरून पेन्सिलने छाप घेतला आणि नोंदणीपत्राशी अंकन्अंक ताडून पाहिला. नोंदणीपत्रावर बँकेच्या कर्जाची नोंद होती. कर्ज फिटलेले होते, परंतु नोंद उतरवलेली नव्हती, म्हणून बँकेचे पत्र आणि नमुना ३५ यांची पूर्तता विक्रेत्यांनी करून दिल्यानंतरच व्यवहार पुढे नेला. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि नमुना ३० वर दोघांच्या सह्या झाल्या, आणि आमचे परिवहन कार्यालय वेगळे असल्यामुळे मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्रही, म्हणजे नमुना २८, घेतले. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत आणि खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत ती कळवायची असते. याच कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय वाहनात करता येत नाही. म्हणून ट्रेलरची लांबी, रुंदी, उंची आणि चेसिसची मूळ रचना यांत आम्ही बदल केला नाही, जुन्या मापातच नवे साहित्य बसवले. विम्याच्या बाबतीतही, ओढणाऱ्या गाडीच्या विम्यात ट्रेलर आपोआप धरला जातो असे समजू नये. तशी स्पष्ट नोंद करून घ्यावी.

ट्रेलर गावी आणण्यापूर्वी विक्रेत्यांच्या प्लॉटवरच दोन्ही टायर नवे बसवले आणि हब उघडून बेरिंगला ग्रीस भरले. बोलेरोच्या मागे चेसिसला जोडलेला ओढहूक आणि त्यावर ५० मिलिमीटरचा बॉल आधीच बसवून घेतला होता. हा बॉल केवळ बंपरला जोडून चालत नाही, त्याचा भार थेट चेसिसवर गेला पाहिजे. गाडी किती वजन ओढू शकते हे गाडीच्या पुस्तिकेत पाहिले. सुरक्षेच्या दोन साखळ्या कपलरखाली एकमेकींवर फुली घालून अडकवल्या, म्हणजे कपलर निसटलाच तर ओढदांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या फुलीत अडकतो. बुटीबोरीवरून जामपर्यंत हमरस्त्याने आणि तिथून समुद्रपूरच्या रस्त्याने, दिवसाउजेडी आणि सावकाश आलो. मध्ये थांबून हबला हात लावून पाहिला. डावा हब उजव्यापेक्षा जास्त तापला होता, म्हणजे मिस्त्रींचा अंदाज बरोबर होता.

तुरी निघालेल्या होत्या आणि पुढे उन्हाळाभर शेतीची कामे कमी, त्यामुळे दुरुस्तीला पुरेसा अवधी मिळाला. पहिले काम चाकांचे. दोन्ही बाजूंची बेरिंगे आणि सील बदलले. निमुळत्या रोलरच्या बेरिंगमध्ये नट किती आवळायचा याला महत्त्व असते. चाक फिरवत फिरवत नट आधी घट्ट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात, मग तो थोडा मागे घ्यायचा आणि खिळपिन घालून बंद करायचा. फार आवळला तर बेरिंग तापून जळते, ढिला राहिला तर चाक डुगडुगते. पाट्याच्या कमानीतला एक पाटा तडकलेला निघाला, तो बदलला आणि यू-बोल्टही नवे घातले. गंजलेला आडवा पाइप कापून त्याच मापाचा नवा जोडला. वेल्डिंग करताना गाडीचा आणि ट्रेलरचा विजेचा संबंध पूर्ण तोडलेला असावा.

ब्रेकचे काम आम्हा सर्वांसाठी नवीन होते. या ट्रेलरला ढकलब्रेक आहे, त्याला ओव्हररन ब्रेक म्हणतात. पुढची गाडी हळू झाली की मागचा ट्रेलर स्वतःच्या जोराने तिच्यावर येऊ पाहतो. त्या दाबाने कपलरचा सरकता दांडा मागे जातो आणि तो तारेच्या साहाय्याने चाकांमधले ब्रेकशू दाबतो. म्हणजे ब्रेक लावण्याची शक्ती ट्रेलरच्याच वजनातून येते आणि गाडीच्या ब्रेकला काहीही जोडावे लागत नाही. आमच्या ट्रेलरचा सरकता दांडा गंजाने जाम झाला होता, त्यामुळे ब्रेक असून नसल्यासारखा होता. तो उघडून, घासून, ग्रीस भरून मोकळा केला आणि तारा नव्या घातल्या. मिस्त्रींनी आयुष्यभर बिनब्रेकच्या ट्रॉल्या दुरुस्त केल्या होत्या. ही साधी युक्ती कळल्यावर ट्रॉलीलाही असे काही करता येईल का, याचा त्यांनी मनापासून विचार सुरू केला, आणि ट्रॉल्यांचे अपघात आपल्या भागात किती होतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या विचाराचे महत्त्व पटेल.

त्यानंतर छत. गळती शोधण्यासाठी एकाने वरून होजपाइपने पाणी सोडायचे आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचे, अशी पद्धत ठेवली. पाणी नेहमी खालच्या कडेपासून सोडत वर जावे, म्हणजे कोणत्या सांध्यातून ते आत येते हे नेमके कळते. वरून सुरुवात केली तर सगळे छतच भिजते आणि काहीच उमगत नाही. गळती दोन ठिकाणी होती : छताच्या पत्र्याचा मागचा सांधा आणि हवेच्या झडपेची चौकट. दोन्ही ठिकाणी पूर्वी कोणीतरी सिलिकॉनचा थर दिला होता आणि तो उन्हाने सुटला होता. सिलिकॉनवर दुसरे कोणतेही सीलंट किंवा रंग नीट चिकटत नाही, म्हणून ते पूर्ण खरवडून, पुसून काढावे लागले. हे कंटाळवाणे काम टाळले असते तर पुढचे सगळे वाया गेले असते. मग सांध्याखाली ब्यूटाइलची चिकटपट्टी, त्यावर पट्टी व स्क्रू आणि कडांना पॉलियुरेथेनचे सीलंट दिले. हे सीलंट लवचीक राहते, आणि आपल्या हवेत त्याची गरज का आहे ते हिशेबाने समजते. मे महिन्यात दुपारी तापलेला पत्रा आणि पहाटेचा पत्रा यांच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्या फरकाने बारा फुटांचा ॲल्युमिनियमचा पत्रा साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबतो व आखडतो. रोज एवढी ओढाताण सहन करणारा सांधा कडक पदार्थाने बुजवला तर तो तडकणारच.

कुजलेले प्लायवूड कापताना नुकसान दिसले त्यापेक्षा मोठे निघाले, कारण ओल लाकडात वर चढलेली होती आणि एका कोपऱ्यात वाळवीही लागली होती. अशा वेळी टणक लाकूड लागेपर्यंत कापत जाणे एवढाच मार्ग असतो. जमिनीसाठी आयएस ७१० या मानकाचे, उकळत्या पाण्यातही न सुटणारे १२ मिलिमीटरचे मरीन प्लायवूड वापरले, त्याच्या कडांना आणि खालच्या बाजूला डांबरी लेप दिला आणि तारा व नळ्या जाण्याच्या प्रत्येक छिद्राभोवती जाळी बसवली. वावरात उंदीर तारा कुरतडतात आणि उंदरांमागे साप येतो, त्यामुळे हे काम करताना कोठेही सवलत घेतली नाही.

आता उष्णतेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण विदर्भात कॅम्परचा खरा प्रश्न हाच आहे. थंड प्रदेशांसाठी आखलेल्या ट्रेलरमध्ये आतली ऊब बाहेर जाऊ नये याची काळजी घेतलेली असते. आपल्याला बाहेरची धग आत येऊ द्यायची नसते. जुने अस्तर काढल्यावर भिंतीत पातळ थर्माकोल निघाला, तोही जागोजागी तुटलेला. भर मे महिन्यात बाहेर सावलीत ४४ अंश असताना बंद ट्रेलरच्या आतला पारा ५० च्या वर गेलेला मी स्वतः पाहिला. भिंतीवर तळहात फिरवला तर जिथे जिथे आत लोखंडी पाइप आहे तिथे तिथे चटका बसत असे, कारण पत्र्याची उष्णता पाइपवाटे सरळ आतल्या प्लायवूडपर्यंत पोहोचत होती. म्हणून दोन पाइपांच्या मधल्या जागेत एक्सपीएस या दाट फोमच्या ३० मिलिमीटरच्या लाद्या घट्ट बसवल्या आणि प्रत्येक पाइपच्या आतल्या बाजूला रबराची जाड पट्टी लावून मगच प्लायवूड ठोकले. छताला उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग दोनदा दिला. सौर पॅनल छताला चिकटवून न बसवता चार इंच उंच उचलून बसवले. त्यामुळे छताला सावली मिळते आणि पॅनलखालून वाराही वाहतो. पॅनलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशामागे त्याची वीज साधारण ०.४ टक्क्याने घटते. ७० अंशांवर गेलेले पॅनल त्यामुळे आपल्या क्षमतेचा जवळपास पाचवा भाग गमावते, म्हणून त्याला वारा मिळणे गरजेचे आहे.

एवढे केल्यावर नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पुन्हा पारा पाहिला. खिडक्या उघड्या आणि छताची झडप वर केलेली असताना दुपारी आतले तापमान बाहेरच्या सावलीपेक्षा दोन-तीन अंशांनी कमी राहिले. एसीचा विचार आम्ही केला नाही, कारण बॅटरीवर तो परवडत नाही आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्याला कूलर हाच उत्तम उपाय आहे. बारा व्होल्टचा छोटा पंखा, वाळ्याची ताटी आणि पाण्याचा लहान पंप असा कूलर मागच्या खिडकीत बसवला. तो ५० वॉटच्या आसपास वीज घेतो. हवा आत येते तेवढीच बाहेर जायला वाट असली तरच कूलर थंडावा देतो, म्हणून समोरची झडप उघडी ठेवावी लागते. मृग लागला आणि हवेत दमटपणा आला की कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा नुसता पंखा पुरतो.

विजेसाठी १०० अँपिअर-अवर क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडली असती, परंतु तिचे वजन पन्नास किलोच्या घरात जाते आणि तिची निम्मीच शक्ती वापरावी असा संकेत आहे. लिथियमची बॅटरी साधारण त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढीच जड असते. तिच्यात साधारण १,२८० वॉट-तास वीज साठते. कूलर रात्रभर आठ तास चालला तर ४०० वॉट-तास जातात, दिवे आणि मोबाइल फार थोडे घेतात, त्यामुळे एक ढगाळ दिवसही निभावतो. बहुतेक उत्पादक ४५ अंशांच्या वर अशी बॅटरी चार्ज करू नये असे सांगतात, म्हणून ती छताजवळच्या कपाटात न ठेवता पलंगाखाली, जमिनीलगत, हवेशीर पेटीत ठेवली. बॅटरीपासून वीतभर अंतरावरच मुख्य फ्यूज आहे. मागचे दिवे आणि इंडिकेटर नीट लागत नव्हते. सात पिनांच्या सॉकेटमधली अर्थची तार गंजली होती, ती बदलताच सर्व दिवे लागले.

वजनाकडे आमच्या मंडळींचे फारसे लक्ष नव्हते, पण ट्रेलर रस्त्यावर कसा चालेल हे वजनाच्या वाटणीवर ठरते. हिंगणघाटच्या बाजूच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर, कापसाच्या गाड्या नसताना, आम्ही ट्रेलर पूर्ण सामानासह तोलला. तो ७८० किलो भरला. कपलरवर किती भार येतो हे पाहण्यासाठी घरी सोयाबीनची पोती मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा कपलरखाली ठेवला. हा भार एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. तो फार कमी असेल तर वेग वाढताच ट्रेलरचे शेपूट डावी-उजवीकडे लहरू लागते आणि ते आवरणे कठीण होते, फार जास्त असेल तर गाडीची मागची बाजू दबते आणि पुढच्या चाकांची पकड सुटते. आमच्या काट्यावर २५ किलोच आले. मूळ बांधणीत ८० लिटरची पाण्याची टाकी अगदी मागे, पलंगाखाली होती. भरली की ती मागून ८० किलोचा दाब देत असे आणि पुढचा भाग उचलला जात असे. टाकी चाकजोडीच्या बरोबर वर आणली, जड सामानाची पेटी पुढे घेतली, आणि भार ७० ते ७५ किलोंवर आला. या बदलाला खर्च जवळजवळ काहीच आला नाही. रस्त्यावर मात्र त्याचा फरक स्टिअरिंग धरणाऱ्याला लगेच कळतो.

आतली रचना पत्नीने ठरवली. “सैपाक आत करायचा नाही. रात्री जिथं झोपाचं असते तिथं फोडणीचा धूर कशाले?” असे तिने पहिल्याच दिवशी सांगितले आणि मागचे दार वर उचलले की त्याच्या सावलीत उघडणारा ओटा सुतारकाकांकडून करवून घेतला. त्यामुळे आत दोन पलंग, वडिलांना धरून उठता येईल असा दांडा आणि धान्याची पेटी एवढे मोकळेपणाने बसले. पाच किलोचे सिलिंडर ओढदांड्यावरच्या बाहेरच्या पेटीत ठेवले आहे आणि पेटीच्या तळाला छिद्रे आहेत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळाला तर खाली साचतो, त्याला खालूनच वाट द्यावी लागते. नळीचे जोड साबणाच्या फेसाने तपासण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे.

राहता राहिली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पहिल्या पावसानंतर ती फुगून चिकट होते. चार कोपऱ्यांचे टेकू तिच्यावर थेट ठेवले तर एका रात्रीत एक कोपरा खाली जातो, दार अडकते आणि सांधे ताणले जातात. टेकूंखाली सागाच्या जाड फळ्या ठेवून पाहिल्या, हिवाळ्यात तेवढ्याने भागते. पावसाळ्यासाठी मात्र तिन्ही तुकड्यांत धुऱ्याजवळ मुरूम टाकून, रोलरने दाबून, ट्रेलरपुरता पक्का ओटा केला आणि तिथपर्यंतच्या वाटेवरही मुरूम पसरला. मृगाच्या आधी ट्रेलर या ओट्यावर आणला नाही, तर दिवाळीपर्यंत तो जिथे आहे तिथून हलवता येत नाही, ट्रॅक्टरनेही नाही.

गेल्या हिवाळ्यात तुरीची संपूर्ण जागल या ट्रेलरमधून झाली. बाहेरच्या चारही कोपऱ्यांना दिवे आहेत आणि ते आतून पलंगावरूनच लावता येतात, त्यामुळे डुकरांचा खडखडाट आला की वडील बाहेर न पडता दिवे लावून डबा वाजवतात. जंगलाकडून वाघाचा वावर असलेल्या आमच्या भागात, रात्री माणसाला बाहेर पडावे लागू नये ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पिके निघाल्यावर आम्ही चिमूर, सिंदेवाही, मूल अशा वाटेने मार्कंड्याला गेलो. वैनगंगेच्या काठावरची ती दगडी मंदिरे वडिलांनी लहानपणी बैलबंडीतून जाऊन, महाशिवरात्रीच्या जत्रेत पाहिली होती. या वेळी गर्दी नव्हती आणि त्यांना हवा तेवढा वेळ प्रत्येक मूर्तीपुढे थांबता आले. मुक्काम चामोर्शी तालुक्यातल्या एका नातेवाइकांच्या खळ्यावर केला.

दुरुस्तीचा एकूण खर्च एक लाख चाळीस हजारांच्या आसपास आला. त्यातला सर्वांत मोठा भाग बॅटरी, पॅनल आणि प्लायवूड यांचा होता. बेरिंग, सील, पाटा, ब्रेकच्या तारा आणि टायर यांना मिळून बावीस हजार लागले. या वर्षी मृगापूर्वी दोन कामे करायची आहेत : छताचे सांधे पुन्हा पाण्याने तपासणे आणि दाराच्या बाजूला ताडपत्रीची दुमडती सावली बसवणे. तिच्यासाठी पाइपचे माप मिस्त्रींनी घेऊन ठेवले आहे, ताडपत्री हिंगणघाटहून आणायची आहे.